कै. डॉ. कमलाबाई सोहोनी

दुर्गाबाई भागवत या नांवाशीं मराठी वाचकांचा परिचय आहे. १९७५ सालीं कऱ्हाड येथें भरलेल्या साहित्यसंमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई यांनीं लेखणीऐवजीं परीक्षानळी हातीं घेतली, आणि केंब्रिज विद्यापीठाची शास्त्रविषयांतील डॉक्टरची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून विज्ञानाच्या इतिहासांत आपलें नांव कोरून ठेविलें. एवढें पुष्कळांस माहीत असतें. त्यांनीं प्रत्यक्ष केलें काय, हें मात्र फारच थोड्यांस सांगतां येतें. डाळ, वाल, बटाटा, नीरा अशा आपल्या नित्याच्या पदार्थांत जें हितकर आहे तें शोधून काढावें, आणि खाणाऱ्याच्या पोटांत अहितकर असें कांहीं जाऊं देऊं नये, हा त्यांच्या जन्मभराच्या कामाचा गाभा होता, असें आम्हांस वाटतें. जानेफळसारख्या शेतकऱ्यांच्या गांवीं या कामाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. तथापि तें नीट समजावें म्हणून चरित्र सांगतां सांगतां थोडें रसायनशास्त्रही सांगावें लागेल. मुलांनीं त्यास कंटाळूं नये.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालीं इंदूर येथें झाला. वडील नारायणराव भागवत व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेंतून शिकून बाहेर पडलेल्या अगदीं पहिल्या विद्यार्थ्यांपैकीं होते. इतर घरांतून मुलांस राजाराणीच्या गोष्टी ऐकावयास मिळतात; या घरांत त्यांच्या जोडीला अर्क, क्षार व आम्लें यांच्या गोष्टी निघत असतील. थोरल्या मुलीनें साहित्य व लोककथा यांचा मार्ग धरिला, धाकटीनें वडिलांचा. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. ची परीक्षा रसायन व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन त्या उत्तम प्रकारें उत्तीर्ण झाल्या, आणि वडील व चुलते जेथें शिकले त्याच बंगळूरच्या संस्थेंत पुढील संशोधन करावें म्हणून त्यांनीं अर्ज केला.

त्या वेळीं संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे होते. तीनच वर्षांपूर्वीं, १९३० सालीं, त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें होतें, आणि सबंध देश त्यांच्याकडे अभिमानानें पाहत होता. त्यांनीं कमलाबाईंचा अर्ज नाकारिला. गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर अर्ज करणारी स्त्री होती म्हणून. अमेरिकन मिशननें मुंबईंत मुलींची शाळा उघडली ती १८२४ सालीं. त्या गोष्टीस तेव्हां शंभरांहून अधिक वर्षें होऊन गेलीं होतीं, तरी उच्च शास्त्राच्या दाराशीं मुलगी अडलेलीच होती. ज्या मनुष्यानें प्रकाशाचें एक नवीन रहस्य जगास दाखविलें, त्यास ही साधी गोष्ट दिसूं नये याचें नवल वाटतें. परंतु मोठ्या माणसांच्या दृष्टींतही असे आंधळे ठिपके असतात, आणि चरित्र लिहिणारानें ते झांकून ठेवूं नयेत.

कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहींत. त्या बंगळूरास गेल्या व संचालकांपुढें प्रत्यक्ष उभ्या राहिल्या. महात्मा गांधींच्या विचारांचा पगडा त्यांच्या मनावर होता. प्रवेश मिळेपर्यंत आपण येथून हलणार नाहीं, अशा निश्चयाचा तो एकटीचा सत्याग्रह होता. अखेर रामन यांनीं त्यांस घेतलें, पण अटी घालून. पहिलें वर्ष केवळ परीक्षेचें असेल. त्या वर्षाचें काम नियमित विद्यार्थ्याचें म्हणून धरलें जाणार नाहीं. मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणें रात्रीं उशिरापर्यंतही काम करावें लागेल. आणि त्यांच्यामुळें तेथील वातावरण बिघडतां कामा नये. शेवटची अट वाचून आजही वाचकाच्या कानशिलांत ऊन रक्त चढतें. कमलाबाईंनीं या सर्व अटी मान्य केल्या. मात्र तो अपमान त्या जन्मभर विसरल्या नाहींत. वर्ष संपलें तेव्हां त्यांचें काम पाहून रामन यांचें समाधान झालें, आणि त्यानंतर संस्थेंत मुलींस प्रवेश मिळूं लागला. येथें पालकांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. दहावी झाली कीं मुलीच्या दप्तराची जागा घरांतल्या कामानें घ्यावी असें अजूनही कांहीं घरांतून चालतें. त्या घरांत संचालक रामन नसतात. तें काम आईबापच करितात.

बंगळूरास कमलाबाईंचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे होते. शिस्तीचे कडक, पण विद्यार्थ्यास मनापासून शिकविणारे. त्यांच्या हाताखालीं कमलाबाईंनीं दूध, डाळी व इतर द्विदल धान्यें यांतील प्रथिनांचा अभ्यास आरंभिला. त्या काळीं या देशांत डाळींतील प्रथिनांवर काम करणारे फार थोडे होते. गरिबाच्या ताटांत मांस नाहीं, दूधही बेताचेंच. अंगांत बळ धरावयाचें तें डाळीच्या वाटीवर. त्या वाटींत नेमकें काय आहे हें शोधणें म्हणजे कोट्यवधि लोकांच्या जेवणाचा हिशेब मांडणें होतें.

हा हिशेब मांडतात कसा? प्रथम दाण्यांतील प्रथिन दाण्याबाहेर काढावें लागतें, आणि त्यासाठीं द्रावक लागतो. द्रावक म्हणजे ज्यांत दुसरी वस्तु विरघळते असें द्रव्य. आपण रोज सकाळीं चहा करितों तेव्हां उकळतें पाणी हा द्रावक असतो. चहाच्या पानांतील रंग, तुरटपणा व तरतरी आणणारें द्रव्य त्यांत उतरतें, आणि चोथा गाळणींत राहतो. परंतु प्रत्येक गोष्ट पाण्यांत उतरत नाहीं. हळद पाण्यांत घालून ठेवा. तिचा गाळ तळाशीं बसेल व पाणी जेमतेम पिवळें होईल. तीच हळद फोडणीच्या तेलांत पडली कीं क्षणांत रंग सोडते. याचें कारण हळदींतील पिवळें द्रव्य तेलाच्या जातीचें आहे, पाण्याच्या जातीचें नाहीं. प्रत्येक गृहिणीस हें ठाऊक असतें. रसायनशास्त्रानें त्यास फक्त नियमाचें रूप दिलें.

आतां आमच्या भागांतील सोयाबीन घ्या. त्याच्या शंभर किलो दाण्यांत सुमारें १८ ते २० किलो तेल असतें. भुईमुगाच्या मानानें हें थोडें, म्हणून घाण्यांत दाबून तें पुरतें निघत नाहीं. बरेंचसें पेंडींतच राहून जातें. यास्तव मोठ्या कारखान्यांत दाणे भरडून त्यांचे पातळ पापुद्रे करितात आणि त्यांवरून हेक्झेन नांवाचें द्रव सोडतात. हें हेक्झेन खनिज तेलापासून काढिलेलें असून सुमारें ६९ अंश उष्णतेवर उकळतें. तें दाण्यांतील तेल धुऊन काढतें. मग त्यास उष्णता देऊन वाफेच्या रूपानें वेगळें करितात, वाफ थंड करून पुन्हां वापरतात, आणि मागें तेल राहतें. पेंडींत शेंकडा एकाहूनही कमी तेल उरतें, म्हणून कारखानदारास ही रीत फायद्याची. परंतु हेक्झेन अतिशय ज्वालाग्राही आहे. त्याची वाफ पुष्कळ दिवस श्वासाबरोबर घेणाऱ्या कामगारांच्या मज्जातंतूंस अपाय होतो. थोडीबहुत वाफ हवेंतही निसटते. आणि तेलांत त्याचा अंश राहूं नये म्हणून कायद्यास मर्यादा घालावी लागते. खाण्याची वस्तु काढावयास न खाण्याची वस्तु वापरावी लागते, हा या धंद्यांतील पेंच आहे. कॉफींतील उत्तेजक द्रव्य काढून टाकण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत निघाला, तेव्हां त्यासाठीं बेंझीन वापरीत; तें बेंझीन आज कर्करोगकारक म्हणून ओळखलें जातें. पिणारांस त्या वेळीं याची कल्पनाही नव्हती.

प्रथिनांचें तसें नाहीं. हेक्झेनमध्यें तीं विरघळतच नाहींत. फार उष्णता दिली कीं अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणें तीं गोठतात, व मग त्यांचा मूळ स्वभाव कळत नाहीं. डाळींतील कांहीं प्रथिनें साध्या पाण्यांत उतरतात, आणि बहुतेक मोठा भाग सौम्य मिठाच्या पाण्यांत. म्हणून प्रथिनांचा अभ्यास करणाराची हत्यारें म्हणजे पाणी, मीठ, थंडावा व धीर हीं होत. पीठ भिजवावें, ढवळावें, गाळावें, मीठ कमी किंवा अधिक करून प्रथिन खालीं बसवावें, तें पुन्हां विरघळवावें. आणि कोठें चूक झाली तर पुनः पहिल्यापासून. रात्रीं उशिरापर्यंत काम करण्याची ती अट कमलाबाईंच्या विषयानें तशीही घातलीच असती. १९३६ सालीं याच कामावर त्यांनीं एम. एस्सी. ची पदवी विशेष प्रावीण्यासह मिळविली.

पुढें शिष्यवृत्ति मिळवून त्या केंब्रिजला गेल्या व १९३७ च्या अखेरीस तेथील न्यूनहॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयांत दाखल झाल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा तेथें होती. प्रारंभीं डॉ. डेरेक रिश्टर यांच्याबरोबर व नंतर वनस्पतींच्या पेशींवर काम करणारे डॉ. रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखालीं कमलाबाईंनीं संशोधन केलें. हिल यांच्याकडे त्यांनीं बटाटा हातीं घेतला. बटाटा ही आपल्या दृष्टीनें भाजी. पण ज़मिनींतून काढल्यावरही तो कित्येक दिवस जिवंत असतो, श्वास घेतो, आणि कोंब धरतो. त्याच्या पेशींत सायटोक्रोम-सी नांवाचें लोहयुक्त प्रथिन आहे व पेशीच्या श्वसनांत तें भाग घेतें, असें कमलाबाईंनीं दाखविलें. अन्न पेशींत जळतें त्या वेळीं जी शक्ति मोकळी होते ती हातोहात पुढें पोंचविणाऱ्या साखळींतील हा एक दुवा आहे. बटाट्यांत तो आहे, तसाच वनस्पतीच्या प्रत्येक पेशींत आहे, हें त्या शोधाचें मोठेपण. आमच्या पेशींतही तोच दुवा काम करितो. ज्या हातानें माणूस घडविला त्याच हातानें बटाटाही घडविला, याची खूण जणुं निर्मात्यानें पेशीपेशींत ठेवून दिली आहे.

या शोधावरील त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता, आणि तें काम सुमारें चौदा महिन्यांत पुरें झालें होतें. जाडजूड ग्रंथ लिहिणारांनीं याचा विचार करावा. १९३९ सालीं त्यांस डॉक्टरची पदवी मिळाली. परदेशांत राहण्याची वाट मोकळी होती; परंतु स्वदेशाचें काम स्वदेशांत जाऊन करावें असें त्यांच्या मनानें घेतलेलें होतें, आणि त्याच वर्षीं त्या परत आल्या.

प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयांत नव्यानें निघालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. नंतर निलगिरींतील कुन्नूर येथील पोषणविषयक प्रयोगशाळेंत साहाय्यक संचालिका म्हणून जीवनसत्त्वांवर त्यांनीं काम केलें. या वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखें नाहीं; काम चांगलें झालें, पण पुढें चढण्याचा रस्ता दिसेना. १९४७ सालीं त्यांचा विवाह श्री. सोहोनी यांच्याशीं झाला व त्या मुंबईस आल्या. दोन वर्षांनीं मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत जीवरसायनशास्त्राचा विभाग निघाला, आणि तेथें त्या प्राध्यापिका झाल्या. त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत फलदायी काळ तो हाच.

येथें नीरेची हकीकत सांगितली पाहिजे. शिंदी, माड किंवा ताड यांस खांच पाडली कीं त्यांतून गोड रस ठिबकतो. रात्रभर मडकें बांधून ठेवून सूर्योदयापूर्वीं तो उतरवितात. तीच नीरा. ऊन चढलें कीं ती आंबते व तिची ताडी होते. तसें होऊं नये म्हणून मडक्यास आंतून चुना लावितात. मुंबई राज्यांत १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा झाल्यावर ताडी काढणारांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला, आणि ताडीऐवजीं नीरा व नीरेचा गूळ यांकडे कार्यकर्त्यांचें लक्ष अधिक लागलें. नीरा पौष्टिक असते असें लोक म्हणत. पण म्हणणें निराळें व मोजून दाखविणें निराळें. राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनीं हें मोजण्याचें काम अंगावर घेतलें.

विचार केला असतां नीरा म्हणजे झाडानें स्वतःच तयार केलेला अर्क आहे. द्रावक पाणी, काढणारें यंत्र झाडाचें खोड. माणसानें करावयाचें तें इतकेंच कीं तो बिघडूं न देतां घरीं आणावा. कमलाबाई व त्यांचे विद्यार्थी यांस नीरेंत ‘अ’ व ‘क’ हीं जीवनसत्त्वें आणि लोह चांगल्या प्रमाणांत आढळलें. त्याहून महत्त्वाचें असें कीं, नीरा आटवून तिचा गूळ किंवा काकवी केली तरी हें पोषण टिकून राहतें, असें त्यांनीं दाखविलें. ही गोष्ट महत्त्वाची कां, तर नीरा सकाळच्या आंत संपवावी लागते, पण गूळ खेडोपाडीं नेतां येतो. कुपोषित मुलें व आदिवासी गर्भवती स्त्रिया यांस हे पदार्थ दिले असतां त्यांची प्रकृति सुधारते, असेंही या अभ्यासांत दिसून आलें. या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपतींचें पारितोषिक मिळालें. प्रयोगशाळेंतील निष्कर्ष इतक्या थेट गरिबाच्या झोपडीपर्यंत पोंचल्याचीं उदाहरणें आपल्याकडे फार नाहींत.

दुसरें काम वाल व त्याच्या जातीच्या शेंगांतील दाण्यांचें. बंगळूरापासूनची डाळींची ओढ सुटली नव्हतीच. आपल्या आंतड्यांत ट्रिप्सिन नांवाचा एक पाचक पदार्थ असतो. तो प्रथिनांचे तुकडे करितो, म्हणून तीं अंगीं लागतात. कच्च्या वालांत याच ट्रिप्सिनला पकडून बसविणारें एक प्रथिन असतें. कमलाबाईंनीं सहकाऱ्यांसह तें अर्कांतून वेगळें काढून त्याचे शुद्ध स्फटिक मिळविले, आणि १९५५ सालीं ‘नेचर’ या इंग्लंडांतील प्रसिद्ध साप्ताहिकांत तें काम छापून आलें. वाल नीट शिजविला कीं या अडथळ्याचा जोर बहुतेक नाहींसा होतो. भिजविणें, मोड आणणें, सोलणें व शिजविणें हा आमच्या आयाबायांचा खटाटोप निव्वळ चवीसाठीं नव्हता, हें यावरून कळावें. त्याच वेळीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं वनस्पतींतून निघालेली प्रत्येक वस्तु हितकरच असते असें नाहीं. हितकर व अहितकर एकाच दाण्यांत शेजारीं शेजारीं असतात, आणि त्यांची निवड करणें हेंच शास्त्राचें काम. भाताचें पीठ आणि दुसरे स्वस्त पदार्थ यांच्या पोषणावरही त्यांच्या हाताखालीं संशोधन झालें. आरे येथील दूधयोजनेच्या चालकांनीं त्यांचा सल्ला घेतला, व दूध नासूं नये म्हणून त्यांनीं एक रीतही बसवून दिली.

कमलाबाईंनीं नव्या द्रावकांचा शोध लाविला असें म्हणणें खरें होणार नाहीं. परंतु ज्या प्रश्नाच्या दाराशीं त्या उभ्या होत्या, तोच प्रश्न आज अनेक प्रयोगशाळांतून चालला आहे, आणि त्यांपैकीं एक त्यांच्या संस्थेपासून फार दूर नाहीं. मुंबईंत १९३३ सालीं, म्हणजे कमलाबाई पदवीधर झाल्या त्याच वर्षीं, रसायन तंत्रविद्येची विद्यापीठीय संस्था निघाली. तेथील संशोधकांनीं या शतकाच्या आरंभीं एक मौजेची रीत प्रसिद्ध केली. कांहीं क्षार असे आहेत कीं ते पाण्यांत भरपूर मिसळले असतां एरव्हीं पाण्यांत न उतरणाऱ्या वस्तूही त्या पाण्यांत उतरूं लागतात. अशा पाण्यांत काळीं मिरीं घातलीं तर मिऱ्यांतील तिखट द्रव्य, आणि हळद घातली तर तिचें पिवळें द्रव्य उतरतें; मग त्यांत आणखी साधें पाणी ओतून तें पातळ केलें कीं तें द्रव्य आपोआप वेगळें होऊन खालीं बसतें. हळद जें पाण्यास देत नव्हती, तें तिच्याकडून पाण्यानेंच घेतलें! आमच्या विद्यार्थ्यांस विज्ञानाची खरी गोडी अशाच युक्त्यांत सांपडेल.

दुसरी रीत कर्बद्विप्राणिद वायूची. आपण श्वासाबरोबर बाहेर टाकतों तोच हा वायु. ३१ अंशांहून अधिक उष्णता व वातावरणाच्या सुमारें ७३ पटींहून अधिक दाब यांखालीं त्याची अशी अवस्था होते कीं त्यास धड वायुही म्हणतां येत नाहीं व द्रवही नाहीं. या अवस्थेंत तो मसाल्यांचे अर्क किंवा कॉफींतील उत्तेजक द्रव्य विरघळवून आणितो. दाब सोडला कीं तो उडून जातो, आणि अन्नांत त्याचा मागमूसही राहत नाहीं. अडचण एकच, इतका दाब सोसणारीं पोलादी पात्रें फार महाग पडतात, त्यामुळें मसाल्यासारख्या भारी मालास तें परवडतें, सोयाबीनच्या तेलास सहसा परवडत नाहीं. उंसाच्या मळीपासून होणारा मद्यार्क हाही अनेक ठिकाणीं द्रावक म्हणून चालतो. कांहीं संशोधक संत्र्याच्या सालींतून निघणारें लिमोनीन हेक्झेनच्या जागीं वापरून पाहत आहेत. विदर्भाच्या माणसास ही बातमी सुखाची वाटेल; पण लिमोनीन १७६ अंशांवर उकळतें, म्हणजे तें तेलांतून काढून टाकावयास इंधन अधिक जाळावें लागतें. वस्तु संत्र्याची म्हणून तिचा हिशेब चुकवितां येत नाहीं. साखर व लिंबांतील आम्ल यांसारखे दोन घन पदार्थ ठराविक प्रमाणांत, थोड्या पाण्यासह एकत्र करून पाकासारखें द्रव बनवावें आणि त्यांत वनस्पतींचे रंग उतरवून घ्यावे, असाही उद्योग २०११ पासून जोरानें चालू आहे. अशा द्रावकांस हरित हें विशेषण लावितात. आमच्या मतें त्या शब्दापेक्षां प्रत्येक द्रावकास चार प्रश्न विचारणें बरें: तो खाणाराच्या पोटांत राहिला तर काय होईल, कामगाराच्या छातींत गेला तर काय होईल, नाल्यांत सांडला तर काय होईल, आणि तो परत मिळविण्यास किती लांकूडफांटा लागेल.

असे रोखठोक प्रश्न विचारण्याची कमलाबाईंस हौसच होती. विज्ञानसंस्थेच्या संचालकपदाचा त्यांचा हक्क असतांही तें पद अंतर्गत कारणांमुळें त्यांस चार वर्षें उशिरां मिळालें. मिळालें तेव्हां इतक्या मोठ्या विज्ञानसंस्थेची प्रमुख झालेली स्त्री म्हणून त्यांचे केंब्रिजचे जुने मार्गदर्शक रिश्टर यांनीं त्यांचें मनःपूर्वक कौतुक केलें. १९६९ सालीं त्या निवृत्त झाल्या. परंतु त्यापूर्वींच, १९६६ सालीं, मुंबईंत कांहीं स्त्रियांनीं मिळून ग्राहकांच्या मार्गदर्शनासाठीं एक संस्था स्थापिली होती, आणि तींत कमलाबाई मन घालून काम करीत. तिखटांत विटकरीची भुकटी, हळदींत विषारी रंग, तेलांत भलतेंच तेल. ही भेसळ घरच्या घरीं कशी ओळखावी हें बाईमाणसांस समजावें म्हणून त्यांनीं सोप्या परीक्षा शिकविल्या. १९८२-८३ सालीं त्या या संस्थेच्या अध्यक्षा होत्या, व संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकांत त्यांनीं पुष्कळ लेख लिहिले. केंब्रिजच्या डॉक्टरीणबाईंनीं वाण्याच्या दुकानांतील तिखटाची पुडी तपासावी यांत त्यांस कांहीं कमीपणा वाटला नाहीं. तरुणांसाठीं मराठींत शास्त्रविषयक पुस्तकेंही त्यांनीं लिहिलीं. भागवतांच्या घरांतील लेखणी अशा रीतीनें धाकट्या बहिणीकडेही आलीच.

उतारवयांत त्यांची सार्वजनिक आठवण जवळजवळ बुजून गेली होती. ती पुन्हां जागी झाली तेव्हां भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें त्यांच्या सत्कारासाठीं त्यांस दिल्लीस बोलाविलें. त्या समारंभांतच त्यांची प्रकृति बिघडून त्या कोसळल्या. १९९८ सालीं त्यांचें निधन झालें. त्याच वर्षीं पॉल अनास्तास व जॉन वॉर्नर या दोन अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांचा हरित रसायनशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनीं बारा तत्त्वें मांडिलीं असून पांचवें तत्त्व द्रावकांसंबंधीं आहे: शक्य तेथें ते वापरूंच नयेत, आणि वापरावेच लागले तर निरुपद्रवी असे वापरावे.